आठ पेडांची वादी

मंदावहिनीवर कुणी काही लिहिलेलं नाही आणि पुढेही लिहिणार नाही, म्हणून मी बसलोय. आमच्या आळीत लिहिता येणारे आता पुष्कळ झालेत, पण त्यांना लिहायला मोठी माणसं लागतात. माझं शेजारणीवर भागतं. तिच्या आणि आमच्या घरात एकच पत्र्याची भिंत. तिकडे मिरची भाजली की इकडे आम्ही खोकायचो. मी नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होतो, ड्युटी पहाटेची, त्यामुळे दुपारभर घरी. दुपारी घरी असलेल्या पुरुषाला भिवंडीत कुणी हिशेबात धरत नाही, आणि त्यामुळे त्याला बरंच काही दिसतं.

वहिनी लग्न होऊन आली ती ऐंशीच्या आसपास. नवरा वाल्मीक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सासू आधीच गेलेली, सासरे केसरीनाथ. त्यांना सगळी आळी केसरीनाना म्हणायची. वहिनी बोलायला फटकळ आणि हाताला भारी. आळीतल्या पोरी शाळेत जाण्याआधी तिच्या ओट्यावर वेणी घालून घ्यायला बसायच्या. स्टोव्हवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून, कुणाशी तरी तंटा करत ती वेणी घालायची आणि ती वेणी संध्याकाळपर्यंत सुटायची नाही. डोकं मात्र दुखतं, अशी माझ्या मुलीची तक्रार असे.

नानांचं सांगितल्याशिवाय वहिनीचं पुढे सांगता येत नाही. छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेऊन आलेले आमच्याकडचे जे थोडे, त्यांतले ते एक. त्याआधी गावात त्यांच्या घराकडे मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. कातडं सोलायचं, कमवायचं, त्याच्या वाद्या म्हणजे बारीक लांब पट्ट्या कापायच्या आणि त्या विणून शेतकऱ्यांना आसूड करून द्यायचे. नानांचे वडील आठ वाद्यांचा, त्यांच्या भाषेत आठ पेडांचा, गोल आसूड विणायचे आणि तो घ्यायला लांबलांबून माणसं यायची. एकदा एका शेतकऱ्यानं नवा आसूड वाजतो कसा ते बघायला तो नानांच्या वडिलांच्याच पाठीवर ओढला आणि हसला. वडीलही हसले. नाना तेव्हा शेजारी बसून वादी ओली करत होते. हे मला सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही, पण वडील हसले हे त्यांनी दोनदा सांगितलं.

नागपूरहून आल्यावर त्यांनी घरातली कातडं कापायची रापी, टोचायची आरी आणि उरलेल्या वाद्यांची गुंडाळी कशेळीला नेऊन खाडीत टाकली, गाव सोडलं आणि भिवंडीत येऊन लूमवर लागले. पुन्हा कातड्याला हात लावायचा नाही. पायात रबराच्या चपला, घड्याळाला स्टीलची साखळी. मी एकदा कमरेला नवा पट्टा लावून मिरवत गेलो तर मला ओट्याखालीच उभं करून चांगलं सुनावलं होतं. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात ते सगळ्यांत पुढच्या सतरंजीवर बसायचे. पोरांना जवळ बोलवायचे, आपले दोन्ही तळवे दाखवायचे आणि म्हणायचे, "हे हात सोडवून आनलेत. तुमचे जल्मापासून सुटलेले हायत. सांभाळा." पोरं खिदळायची. आम्ही मोठे मात्र गप्प असायचो, कारण आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात कुणाच्या तरी पाठीची अशी गोष्ट होती.

अठ्ठ्याऐंशी साली वाल्मीकच्या शेठनं लूम भंगारात विकले. वाल्मीक दापोड्याला ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवायला जाऊ लागला आणि निम्मे दिवस पाठ धरून घरी झोपू लागला. वहिनी कांड्या भरायला, म्हणजे लूमसाठी रिळांवर सूत गुंडाळायला जायची, पण ते कामही आज आहे तर उद्या नाही. त्या फेऱ्यांत तिला निजामपुऱ्यातलं अय्यूबचाचांचं दुकान दिसलं. लूमला लागणारा चामड्याचा माल ते विकत. लूमवर आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकणारी काठी असते आणि ती ओढायला चामड्याचा पट्टा लागतो. नव्या लूमना कारखान्यातला सपाट पट्टा चालायचा, पण काही जुन्या लूमना हातानं विणलेला गोल पट्टाच टिकायचा, त्यालाही वादीच म्हणत. चाचांची बोटं सांधेदुखीनं सुजलेली. चार पेड हातात घेऊन ते धडपडत होते आणि वहिनी बाहेर उभी राहून बघत होती. दुसऱ्याच्या हातून काम बिघडताना बघत उभं राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"चाचा, द्या इकडं," ती म्हणाली.

चाचांनी दिलं. थोडा वेळ बघून म्हणाले, "अरे, ये तो चोटी डाल रही है."

"चोटीच हाय की," वहिनी म्हणाली आणि वादी पुरी करून त्यांच्या पुढ्यात टाकली.

तिला काम मिळालं. चाचांनी तिला कातडं ओळखायला शिकवलं: वादी ओली कशी करायची, तेल किती पाजायचं, केसाची बाजू बाहेर आणि मासाची बाजू आत कशी ठेवायची. वेणी मात्र तिची तिला येत होती. हे सगळं ती नानांपासून लपवणार होती, असं ती माझ्या बायकोला म्हणाली होती. पण तेल पाजलेल्या कातड्याचा वास एका खोलीच्या घरात काय लपणार. दुसऱ्याच दिवशी ती नानांना भाकरी वाढत असताना ते थांबले.

"मंदे, हाताला वास कसला हाय?"

"कातड्याचा, मामा."

"कसल्या?"

"म्हशीच्या. चाचांच्या दुकानात काम धरलंय. लूमचं काम हाय, ढोर ओढायचं न्हाय."

नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते भाकरी संपवून उठले आणि दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहिले. मग आत न बघता म्हणाले, "उंबऱ्याच्या आत आनायचं न्हाय. आनि त्यातलं मला काय सांगायचं न्हाय." त्या दिवसापासून वहिनीच्या हातची भाकरी ते खायचे, पण पाण्याचा तांब्या स्वतः उठून भरून घ्यायचे. तेवढ्यानं वहिनी आमच्याकडे येऊन रडली. एरवी ती कुणापुढे रडणारी बाई नव्हती.

दोन-तीन वर्षं असंच चाललं. चार पेडांच्या वादीत वहिनीचा हात धरणारं निजामपुऱ्यात कुणी राहिलं नाही. मग एका शेठनं आठ पेडांची वादी मागितली. त्याचे लूम जुने आणि दणकट, चार पेडांची वादी त्यांना पुरत नव्हती. आठ पेडांची विणणारा एकच माणूस होता, तो कायमचा आपल्या मुलखाला, गावी निघून गेला होता. चाचांनी कधी ती विणली नव्हती. वहिनीनं दुकानात बसून खटपट केली, पण आठ वाद्या हातात मावेनात आणि मागची कुठली आणि पुढची कुठली ते कळेना. चिडून तिनं लूमवरच्या वाया गेलेल्या कापडाच्या चिंध्या घरी आणल्या, आठ चिंध्यांना वर गाठ मारली, खिळ्याला अडकवली आणि घरी बसून हात बसवायला लागली. कापड आणायला घरात मनाई नव्हती.

नाना खाटेवर पडून बघायचे. बघायचे म्हणजे काय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यांना तिच्या हातांची हालचाल तेवढी कळायची. वहिनी चुकायची, सोडायची, पुन्हा सुरू करायची. एका दुपारी पलीकडून मला नानांचा आवाज ऐकू आला.

"मागून ने. समद्यांच्या मागून."

वहिनीचा हात थांबला असावा, कारण नाना खेकसले, "थांबली कशाला? मागून नेलास ना? आता दोन सोड, दोनांच्या खालनं काढ आनि दोनांच्या वरनं आपल्या जागी आन. आता डावीकडचा."

"असा, मामा?"

"तसा न्हाय. आन इकडं. कापडच हाय ते."

त्या "कापडच हाय" मध्ये काय होतं ते मला भिंतीपलीकडून कळलं. पस्तीस वर्षं त्या बोटांनी हे काम केलं नव्हतं आणि ती ते विसरली नव्हती. पुढचे काही आठवडे त्या घरात दुपारी नुसता उत्सव. नाना चिंध्या विणून दाखवायचे, वहिनीकडून विणून घ्यायचे, चुकलं की तिला बापाच्या वरताण बोलायचे आणि बोलता बोलता आपल्या वडिलांचं सांगायचे. ते कसे गुणगुणत विणायचे, पेड वर आला की अंगठ्यानं कसा सरळ करायचे. पाण्याचा तांब्या पुन्हा वहिनीच्या हातून यायला लागला. मी ड्युटीवरून आलो की मुद्दाम भिंतीजवळ आडवा व्हायचो. त्या घरात इतकं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

वहिनीनं मग दुकानात आठ पेडांची वादी विणली. दिसायला इतकी देखणी की चाचांनी ती कातडं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. केसाची बाजू सगळीकडून बाहेर, एकसारखी, काळी आणि गुळगुळीत. शेठनं सगळ्या लूमना तसल्याच वाद्या बसवल्या.

पावसाळा संपता संपता वाद्या तुटायला लागल्या. एखादी तुटली तर कुणी काही म्हणालं नसतं, पण एकामागून एक, आणि तुटलेली जागा बाहेर झिजलेली नाही, आतूनच कापल्यासारखी. एका शिफ्टला नामा नावाचा कारागीर लूमवर होता, आतल्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, रोज एसटीनं यायचा. वादी तुटली, धोटा अर्धवट वेगात निघाला, ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकून बाहेर उडाला आणि नामाच्या तोंडावर बसला. पुढचे दात गेले, ओठ फाटला. जीव वाचला म्हणायचं.

वहिनी सरकारी दवाखान्यात जाऊन त्याला बघून आली. नामाला बोलता येत नव्हतं. त्याची आई शेजारी बसलेली, वहिनी कोण ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं आपल्या जवळचं केळं तिला खायला दिलं. ते केळं हातात घेऊन वहिनी घरी आली. आमच्या दारात उभी राहून माझ्या बायकोला म्हणाली, "माझ्या हातानं झालं, आनि तिनं मला खायाला दिलं." मग पदर तोंडात धरून ती तिथेच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं घरात चिंध्यांची वेणी घालून नानांना दिली. नानांनी चाचपून बघितली आणि बरोबर आहे म्हणाले. मग ती उंबऱ्याबाहेर गेली. ओट्यावर तिनं पिशवीत तुटलेली वादी ठेवली होती. ती काढून तिनं दारातून उंच धरली.

"हितं तुटली, मामा. मधीच. विन तर तुमी सांगितलेली हाय. मग का तुटली?"

मी माझ्या दारात होतो. आळी सामसूम, शिफ्टची माणसं कामावर, बायका कांड्या भरायला. नाना खाटेवरून उठून उंबऱ्यापाशी आले. डोळे बारीक करून त्यांनी बघायचा प्रयत्न केला. त्यांना काळी रेघ दिसली असेल, त्यापलीकडे काही नाही.

"वरनं कशी हाय?"

"वरनं केसाची बाजू. समदीकडं."

"पेड मागनं आला की काय करतेस?"

"अंगठ्यानं सरळ करते. तुमी सांगितलं तसं."

नाना दाराला धरून उभे राहिले. ते काय विचार करत होते ते मला नंतर कळलं. चिंधीला उलटं-सुलटं नसतं. ती मागे जाताना दुमडली, तिला पीळ पडला, तरी वर आली की अंगठ्यानं सरळ करायची, पीळ आत दबून जातो. कातडं दबत नाही. वहिनी प्रत्येक पेड वर आल्यावर सरळ करत होती, त्यामुळे बाहेरून वेणी चोख, पण आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, प्रत्येक पेडाला अर्धा पीळ राहत होता. लूमच्या प्रत्येक झटक्याला तो पीळ शेजारच्या पेडाला कापत होता. नानांचे वडील पेड मागे नेतानाच बोटांमध्ये फिरवून घेत, म्हणजे पीळ पडतच नसे; अंगठा नुसता पेड जागी बसवायला. ते नानांच्या बोटांना ठाऊक होतं, पण कापडावर त्याची गरजच नव्हती, म्हणून बोटांनी ते दाखवलं नाही आणि तोंडाला ते आठवलं नाही. कातड्याला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी कापडावर शिकवलं, आणि त्या शिकवण्यानं नामाचे दात गेले.

पण त्या क्षणी त्यांचा नुसता संशय होता. खात्री बोटांनीच होणार होती.

"ऱ्हाऊ दे मामा," वहिनी म्हणाली. "मी काम सोडते. चाचांना सांगते जमत न्हाय म्हनून."

"आनि लूमवर लावल्यात त्या? त्या पुढं कुनाच्या तोंडावर जातील?"

नाना उंबरा ओलांडून बाहेर आले, ओट्यावर बसले आणि हात पुढे केला. वहिनीनं वादी मागे घेतली. खरंच घेतली, मी बघितलं. "नको, मामा," ती म्हणाली. नानांनी तिच्या मनगटाला धरून वादी सोडवून घेतली.

दोन बोटांत धरून त्यांनी ती वाकवली, दाबली, वर सरकवली. बोट एका जागी थांबलं. "आत पीळ हाय," ते म्हणाले. "हितं. हितंबी. समद्यांना. हे मीच शिकवलं तुला." मग म्हणाले, "दुकानातनं नव्या आठ वाद्या आन."

दुपार कलेपर्यंत ते ओट्यावर बसून विणत होते आणि वहिनी शेजारी. मागे नेताना पेड कसा फिरवायचा ते त्यांनी तिची बोटं आपल्या बोटांत धरून दाखवलं. तोंडानं एक शब्द नाही. वहिनी रडत होती आणि शिकत होती, दोन्ही एकदम. शेवटी नानांनी वादी खाली ठेवली, हात नाकाजवळ नेऊन हुंगले. मग म्हणाले, "कुनी इचारलं तर चाचानं शिकवलं म्हन."

"का, मामा?"

"तुला बोल लागंल. म्हाताऱ्याला बाटवलं म्हनतील." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तू बी ऐकलंस ना?" मी होय म्हणालो. त्यांना मी दिसत नव्हतो, पण मी तिथे आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

वहिनीनं सगळ्या वाद्या बदलून दिल्या, एकही पुन्हा तुटली नाही. घर उभं राहिलं. पण त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नाना विहारात आले ते दाराशी, चपला काढतात तिथे बसले. आमच्या कमिटीचा सेक्रेटरी अनंता त्यांना पुढे न्यायला आला. लहानपणी ह्याच अनंताला नानांनी तळवे दाखवले होते. नाना म्हणाले, "गुडघं धरलेत. हितंच बरं." पोरं जवळ आली तर हात मांडीखाली घेतले. लोकांना गुडघ्यांचं पटलं. मला आणि वहिनीला काय ते ठाऊक होतं, आणि ती त्या दिवशी विहारातून अर्ध्यातच उठून घरी गेली. पुढची सगळी वर्षं ते तिथेच बसले.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात नाना गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारातच ठेवला होता. नानांचा मोठा फोटो फ्रेम करून आणलेला, हार घातलेला, तो विहाराच्या भिंतीवर लावायचं कमिटीनं ठरवलं होतं. अनंता बोलायला उठला. चांगलं बोलला, मनापासून बोलला. म्हणाला, "छप्पन साली खाडीत टाकलं ते टाकलं. शेवटच्या श्वासापर्यंत ह्या माणसानं कातड्याला बोट लावलं नाही. म्हणून हा फोटो इथं, सगळ्यांच्या समोर."

"लावलं," मंदावहिनी म्हणाली.

ती बायकांच्या बाजूला उभी राहिली होती. वाल्मीक पुढून तिला बस म्हणून खुणावत होता. ती बसली नाही.

"अनंता भावजी, बोट लावलं त्यांनी. माझं काम चुकत हुतं, मानसाचं तोंड फुटलं, म्हनून हातात घिऊन मला दाखवलं. कुनाला सांगू नको म्हनाले, ते मला बोल लागंल म्हनून. पन त्यानंतर ते कधी पुढं बसले न्हाईत. तुमी त्यांना आता पुढं बसवू नका."

अनंता कागद हातात धरून तसाच उभा. पुढे वंदना झाली, जेवणं झाली, पण लोक वहिनीच्या पंगतीला टाळून बसले. सीताबाई, नानांच्या वयाची, तिला तोंडावर म्हणाली, "मेल्या मानसाची अब्रू तरी ठिवायची हुतीस." वाल्मीक कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही. कमिटीची बैठक झाली, पुन्हा झाली, आणि फोटो लावायचं राहूनच गेलं. शेवटी अनंतानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून संध्याकाळी वहिनीच्या ओट्यावर आणून ठेवला आणि आत न येताच गेला.

मला राग आला होता. कमिटीचा आला आणि खरं सांगायचं तर वहिनीचाही आला. मी तिला म्हणालो, "काय मिळवलंस? नाना भिंतीवर असते तर पोरांनी पिढ्यान् पिढ्या बघितलं असतं. तुला वाईट वाटत नाही?"

ती फोटोवरची धूळ पदरानं पुसत होती. डोळ्यांतलं पाणी तिनं लपवलं नाही.

"वाटतं ना. लई वाटतं," ती म्हणाली. "पन ते लोक ज्याला लावनार हुते तो दुसराच कुनीतरी हुता, भावजी. आमचे मामा घरी हायत."